ऑस्टिन गेली, अॅम्बेसेडर राहिली

भंडाऱ्याहून लाखनीकडे जाताना गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. १९८२ पासून तो तिथे आहे आणि या कंपनीचं नाव घेतलं की जिल्ह्यातल्या कुणालाही ट्रक आणि बसच आठवतात. पण कंपनीची सुरुवात एका छोट्या इंग्रजी मोटारीपासून झाली. रघुनंदन सरन यांनी १९४८ मध्ये मद्रासला अशोक मोटर्स स्थापन केली ती ऑस्टिन ए-४० या गाडीच्या जुळणीसाठी. बाराशे सीसीचं इंजिन, चाळीस अश्वशक्ती. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडावी अशी साधी गाडी. पुढे लेलँडशी करार झाला, १९५५ मध्ये कंपनीचं नाव बदललं आणि ऑस्टिन मागे पडली. आज ती रस्त्यावर दिसणं हा अपवाद आहे.

स्वस्त गाड्या हजारोंनी बनतात, तेव्हा त्यातल्या पुष्कळ उरायला हव्यात, असं आपल्याला वाटतं. घडतं मात्र उलटं. संस्थानिकांची रोल्स-रॉइस मोजकीच होती, पण तिला गॅरेज होतं आणि वारसांना तिची किंमत ठाऊक होती. स्वस्त गाडी झिजेपर्यंत वापरली जाते आणि दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीवर गेला की भंगारात निघते. तरीही केवळ स्वस्तपणा हे कारण पुरत नाही, कारण मॉरिस ऑक्सफर्डही साधीच इंग्रजी गाडी होती आणि ती अॅम्बेसेडर होऊन २०१४ पर्यंत बनत राहिली. फरक पडला तो सुट्या भागांमुळे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, देशात गाडी बनवण्याची योजना नसलेल्या जुळणी कारखान्यांना गाशा गुंडाळावा लागला. फोर्ड आणि जनरल मोटर्सही गेल्या. आयातीवर निर्बंध असताना ऑस्टिनच्या मालकाने गिअर आणायचा कुठून? अॅम्बेसेडरचा गिअर मात्र गावोगाव मिळत होता. माझ्या मते गाडीचं आयुष्य तिच्या संख्येपेक्षा किंवा किमतीपेक्षा या पुरवठ्यावर ठरतं.

म्हणूनच विंटेज गाड्यांसाठीचा २०२१ चा केंद्रीय नियम मला अपुरा वाटतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आहे आणि ती रोजच्या वापरात आणता येत नाही. इथवर ठीक आहे. अडचण आहे ती चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा या अटीची. ए-४० च्या इंजिनाच्या आराखड्यावरूनच पुढे ब्रिटनमध्ये बी-सिरीज इंजिन निघालं आणि तेच अॅम्बेसेडरमध्ये आलं. एखाद्या मेस्त्रीने भाग मिळेनात म्हणून ऑस्टिनमध्ये हे भावकीतलं इंजिन बसवून ती चालती ठेवली असेल, तर या अटीपुढे तिचा निभाव लागणं कठीण.

यावर जाणकार म्हणतील की अस्सलपणा सोडला तर विंटेज म्हणायचं तरी कशाला? आक्षेप रास्त आहे आणि मूळ इंजिनाच्या गाडीचा मान वरचाच राहावा. पण साध्या गाडीच्या बाबतीत दुरुस्ती हाही इतिहासच आहे. तिच्यासाठी वेगळा वर्ग करावा आणि इंजिन कधी, कोणतं बदललं याची नोंद कागदपत्रांत सक्तीची करावी. तोवर कुणाच्या गोठ्यात किंवा वाड्याच्या पडवीत अशी मोटार धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचं आरसी पुस्तक शोधा, चेसिस क्रमांक उतरवून ठेवा आणि आरटीओत चौकशी करा.