हात रंगू द्या : प्राथमिक शाळेतील मुलांसाठी कलेचे उपक्रम

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या रविवारच्या वर्गातील मुलांसाठी चित्रकला स्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘माझी वस्ती’. आलेल्या कागदांपैकी बहुतेकांवर तेच एक चित्र होते : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. आमच्या वस्तीत ना डोंगर आहे, ना नदी. तिसरीतल्या एका मुलीने मात्र नळावरची रांग काढली होती. हंडे, कळश्या, भांडणाऱ्या दोन बायका आणि वर आभाळभर काळ्या तारा. परीक्षक आम्हीच होतो. चित्र नीटनेटके नाही म्हणून आम्ही तिला नंबर दिला नाही. पुढच्या रविवारी त्या मुलीने कागदावर दोन डोंगर काढले.

हा दोष आमचा होता. मुलीने जे डोळ्यांनी पाहिले होते ते सोडून, जे मोठ्यांना आवडते ते काढायला ती आमच्यामुळेच शिकली. या स्मरणिकेच्या निमित्ताने, त्यानंतर आम्ही काय बदलले आणि लहान मुलांसाठी कमी खर्चात कोणते उपक्रम घेता येतात, हे सभासद बंधु-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

मुले चित्र कशी काढतात?

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वयाप्रमाणे चित्रांचे टप्पे सांगितले आहेत. दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या मारते. चार ते सात वर्षांपर्यंत माणूस म्हणजे एक मोठे डोके आणि त्यालाच फुटलेले पाय. सात ते नऊ या वयात मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढते आणि सर्व वस्तू तिच्यावर उभ्या करते. घराची भिंत काढूनही आतली चूल, पाळणा, आजी दाखवते. नऊनंतर मात्र ‘खऱ्यासारखे’ काढण्याची ओढ लागते आणि खोडरबर झिजू लागते.

म्हणजे भिंतीतून दिसणारी आजी ही चूक नव्हे. त्या वयाची ती समज आहे. ‘हात इतका लांब कसा?’ असे विचारून आपण चित्र सुधारत नाही, मुलाचा हात मात्र थांबवतो.

दुसरी गोष्ट साधनांची. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरावर असल्यास, कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेच्या जोडीने इतर विषय शिकवण्यावर भर आहे, पण ते घडवायचे ते वर्गशिक्षकाने, पालकाने आणि आपल्यासारख्या संस्थांनीच. ज्या घरात रंगपेटी परवडते तिथले मूल शिकून घेईल. ज्या घरात परवडत नाही, त्या मुलाला ‘कला आपल्यासाठी नाही’ असे वाटू नये, ही जबाबदारी आपली आहे. म्हणून पुढील उपक्रमांत विकत घ्यायच्या वस्तू जवळजवळ नाहीत.

उपक्रम पहिला : ठसेकाम (पहिली-दुसरी)

साहित्य : भेंडी, बटाटा, पिंपळाची व इतर झाडांची पाने, हळद, गेरू, कपड्यांची नीळ, जुन्या सुती कापडाची घडी.

रंग पाण्यात दाट कालवून कापडाच्या घडीत मुरवावा, म्हणजे ठशाची गादी तयार होते. भेंडीचा आडवा काप कागदावर दाबला की पाकळ्यांचे फूल उमटते. पानाचा ठसा घेताना रंग पानाच्या मागच्या बाजूला लावावा, कारण शिरा तिथे उठून दिसतात. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर ते लाल होते आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळे होते. कला आणि विज्ञान असे एका वाटीत भेटतात. भाज्या कापण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

उपक्रम दुसरा : तांदूळ आणि गेरू (तिसरी-चौथी)

वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात. गेरू किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून कुंचीसारखी केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. जिव्या सोमा म्हशे यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागद-कापडावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खाकी कागदावर गेरूचा हात द्यावा. वाळल्यावर तांदळाची पिठी, पाणी व थोडा डिंक यांचे मिश्रण करून काडीने काढावे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस होतो. मात्र वारल्यांचा तारपानाच जसाच्या तसा उतरवू नये. त्यांनी आपले जगणे काढले, तसे मुलांनी आपले काढावे : रिक्षा, नळ, क्रिकेट, शिवणयंत्रावरची आई.

उपक्रम तिसरा : कागदाचा लगदा (तिसरी ते पाचवी)

आपल्याकडे बांबूच्या टोपल्या मेथी घातलेल्या कागदाच्या लगद्याने लिंपण्याची जुनी पद्धत आहे. वर्तमानपत्राचे तुकडे दोन दिवस भिजवून कुटावेत, पाणी पिळावे, त्यात मेथीची पूड मिसळावी. उपड्या वाटीवर प्लॅस्टिकचा कागद घालून लगदा सारखा थापावा आणि वाळल्यावर सोडवावा. ज्यांना खळ वापरायची असेल त्यांनी ती दरवेळी ताजी करावी. बुक-बाइंडर तीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलांच्या वर्गात ते आणू नये.

उपक्रम चौथा : भिंतीचा तुकडा (पाचवी)

अजिंठ्याच्या कारागिरांनी दगडावर माती, भाताचे तूस व तंतू यांचा गिलावा दिला, वर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो वाळल्यावर बहुतांशी खनिज रंगांनी चित्रे काढली. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दगड आजच्या अफगाणिस्तानातून येई. पुढे १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली या चित्रांच्या प्रती केल्या.

मुलांनी जाड पुठ्ठ्यावर चाळलेली माती, तूस व डिंकपाणी यांचा पातळ थर द्यावा. चुना हात भाजतो, म्हणून त्याऐवजी खडूची पूड डिंकात कालवून लावावी. वाळल्यावर गेरू, कोळसा, पिवळी माती यांनी चित्र काढावे. सहलीला जाण्याआधी हे केले, तर लेण्यात मुले नुसती पाहत नाहीत, प्रश्न विचारतात.

उपक्रम पाचवा : आमची गल्ली (सर्व वर्ग)

एका लांब कागदावर आधी फक्त रस्ता काढावा. प्रत्येक मुलाने आपले घर, दुकान, झाड वेगळ्या कागदावर काढून, कापून, जागा ठरवून चिकटवावे. कोणाचे घर कोणाशेजारी, यावरून वाद होतात. त्या वादातूनच नकाशा समजतो.

मोठ्यांसाठी चार नियम

१. मुलाच्या चित्रावर आपला हात चालवू नये.
२. ‘हे काय काढलंस?’ असे न विचारता ‘यात काय काय चाललंय, सांग बघू’ असे म्हणावे.
३. चौथीपर्यंत नंबर नकोत. सर्व चित्रे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावीत.
४. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा वरच्या वर्गांसाठी आहेत. सात वर्षांच्या मुलाला त्यांच्या तयारीला जुंपू नये.

त्या मुलीचे नळावरचे चित्र आम्ही नंतर पुष्कळ शोधले. ते रद्दीत गेले होते. पुढे ‘आमची गल्ली’ करताना नळाची जागा आली, तेव्हा ती आपणहून पुढे आली. तिने रांग काढली आणि रांगेत आपली आई काढली. आईला हात मात्र तीन. आम्ही म्हटले, ‘सांग बघू.’ ती म्हणाली, ‘दोन हातांत हंडे आहेत. तिसऱ्या हाताने तिने मला धरलंय.’

या वेळी आम्ही काही सुधारले नाही. सभासदांना विनंती एवढीच, की घरातली रद्दी, पुठ्ठे आणि जुने सुती कापड टाकून देऊ नका. रविवारच्या वर्गात पोचते करा, आणि जमल्यास तासभर मुलांजवळ बसा.