शंभरातले किती?

सकाळी ८
उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. खटाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून पहिली एसटी धरून, चहाचा घोटही न घेता वडूजला आलेली. लॅबमध्ये माझी एकच ताकीद आहे : लांबून आलेल्यांचं रक्त आधी.

सकाळी ९.३०
"मला काय व्हतंय डॉक्टर? ज्वारीची भाकरी खातो, रानात राबतो." पंचावन्न ओलांडलेले आबा गुडघ्यासाठी आलेत. रक्तदाब १५०, खिशात बिडीचं बंडल. छातीत कधी दुखलेलं नाही. ज्याला काही होत नाही त्याच्याशीच जास्त बोलावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका त्यालाच कमी वेळ मिळतो.

भीती घालून काम होत नाही, हे माझं ठाम मत. "अटॅक येईल" म्हटलं की माणूस एक तर खचतो, नाहीतर दवाखाना बदलतो. म्हणून टेबलाच्या काचेखाली जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण आशियासाठीचा रंगीत तक्ता ठेवलाय. वय, धूम्रपान, रक्तदाब, वजन-उंची यांवरून पुढच्या १० वर्षांचा अंदाज निघतो, रक्त न तपासता. आबांचं बोट मी त्यांच्या चौकोनावर ठेवतो. नारिंगी.

"आबा, तुमच्यासारखी १०० माणसं देवळापुढं उभी केली, तर १० वर्षांत त्यातल्या दहा-पंधरा जणांना हार्ट अटॅक येईल, नाहीतर लकवा मारेल. त्यात तुम्ही असाल का, हे मला सांगता येत नाही." मग बोट सरकवतो : वय तेच, बिडी नाही, दाब १३०. पिवळा.

आबा तिथंच बघत राहतात. "म्हंजी बरंच माझ्याच हातात हाय."

दाबाची गोळी लिहून देतो. "एकदा लागली की जन्माची लागली" ही शंका येतेच. तिचं उत्तर उभ्याउभ्या देऊ नये. आबांना पुन्हा बसवतो.

सकाळी ११
मावशींना "तंबाखू खाता का?" विचारलं तर उत्तर नाही असंच येतं. "दात कशानं घासता?" विचारलं की मिश्री निघते. तक्त्यात तिला रकाना नाही, मी मात्र केसपेपरवर लिहितो. कंबरेला टेप लावतो : बायकांत ८० सेंटिमीटर, पुरुषांत ९० ही आपली मर्यादा. तरण्या सुनांना आणखी एक प्रश्न : गरोदरपणात साखर वाढली होती का? बाळंतपणानंतर ती उतरते आणि सगळे विसरतात. पुढं मधुमेहाचा धोका मात्र राहतो.

दुपारी ४
गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी तामिळनाडूत असलेला एकजण यात्रेला गावी आलाय. हातपाय काटकुळे, पोट पुढं. वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १६८. "वजन तर बरोबर हाय की!"

त्याला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो मोबाइलवर दाखवतो. शेजारी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला ती दिसत नाही. फोटो बघून तो नकळत पोटावरून हात फिरवतो.

मग आकडे. अशाच साखरेच्या लोकांवर भारतात झालेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या शंभरातल्या ५५ जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार आणि चालणं ज्यांच्याकडून नेटानं सांभाळून घेतलं, त्यांच्यात ३९ जणांना. "म्हणजे सांभाळूनही होऊ शकतो?" होऊ शकतो. हे लपवलं तर पुढं साखर वाढली की तो स्वतःलाच दोष देत बसेल.

"भट्टीपुढं दिवस जातो. चालायचं कधी?" आम्ही दोघं मिळून त्याचा दिवस कागदावर मांडतो. दुकान उघडण्याआधी अर्धा तास सापडतो. चहा पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर. त्यातले तीन चहा तो स्वतःच खोडतो.

संध्याकाळी ७
तो पुन्हा दारात. "पोरगं चौदाचं हाय. त्याचं पण रक्त तपासू का?"

"आत घेऊन या. आधी वजन, उंची, कंबर बघू. रक्ताचं मग ठरवू."