कपॅसिटर घेताना आधी व्होल्ट बघा

गणपतीला चार दिवस उरले होते आणि आमच्या सायलीच्या घरात, हॉलच्या मधोमध, लवंगी फुटावी तसा आवाज झाला. पाठोपाठ पांढरा धूर आणि करपट वास. पुतण्याने बनवलेला अँप्लिफायर पाऊण तास छान वाजत होता. आरतीची उजळणी त्याच्यावरच चालली होती. झाकण उघडलं तर मोठ्या दोन कपॅसिटरपैकी एकाची टोपी उलून आतला कागद बाहेर आला होता.

"काका, ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा आहे आणि कपॅसिटर २५ व्होल्टचा. सात व्होल्ट जास्तच घेतलेत की!"

त्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही, कारण ही चूक कॉलेजात असताना मीही केली होती. दुकानदारानेही त्याला हेच दिलं होतं. चूक फक्त एवढीच, की ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १८ व्होल्ट हे एसीचे असतात. कपॅसिटर भरतो तो त्या लाटेच्या टोकापर्यंत, म्हणजे १८ गुणिले १.४१४, जवळजवळ साडेपंचवीस व्होल्ट. त्यातून रेक्टिफायरच्या डायोडमध्ये एखादा व्होल्ट जातो. पण ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की तो लिहिल्यापेक्षा थोडे जास्तच व्होल्ट देतो, आणि घरातली वीज २३० वरून रात्री २४५-२५० वर चढली की ते आणखी वाढतात. आम्ही नंतर मोजलं तेव्हा मल्टिमीटरवर साडेअठ्ठावीस दिसले. २५ च्या कपॅसिटरने पाऊण तास तग धरला हेच खूप.

म्हणून दुकानात गेल्यावर मायक्रोफॅरड नंतर, व्होल्ट आधी. १८-०-१८ च्या ट्रान्सफॉर्मरला ३५ व्होल्टचा कपॅसिटर कसाबसा चालतो; ५० चा घेतला की निवांत झोप लागते. किंमत थोडी वाढते, डबा थोडा मोठा होतो, इतकंच.

आता मायक्रोफॅरड. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ब्रिज रेक्टिफायरमधून सेकंदाला १०० वेळा कपॅसिटर भरला जातो. मधल्या १० मिलिसेकंदांत अँप्लिफायर त्यातूनच वीज उपसतो, जसं नळाला पाणी येईपर्यंत आपण टाकीतलं वापरतो. टाकी लहान असेल तर पातळी फार खाली जाते आणि तबल्याचा बायाँ दणकून वाजला की आवाज फाटतो. पुतण्याच्या अँप्लिफायरमध्ये एलएम३८८६ या दोन चिप आहेत. ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येकी २० वॅट द्यायचे तर दोन्ही मिळून एका बाजूच्या, म्हणजे प्लसच्या किंवा मायनसच्या, रेलमधून सरासरी १.४ अँपिअर जातात. दर वेळी २ व्होल्टपेक्षा जास्त घसरण नको असेल, तर १.४ गुणिले ०.०१ भागिले २, म्हणजे ७,००० मायक्रोफॅरड. बाजारात १०,००० चा मिळतो, तो घ्यायचा. एक प्लसला, एक मायनसला. या कपॅसिटरच्या मापात २० टक्के कमी-जास्त चालतंच, तेही त्यात बसून जातं.

मग ४०,००० का नको? मित्रमंडळींत हा प्रश्न हमखास येतो. बटण दाबल्या क्षणी रिकामा कपॅसिटर जवळपास शॉर्टसारखा वागतो; जेवढा मोठा, तेवढा पहिला दणका ब्रिजला आणि फ्यूजला. शिवाय ज्या घरघरीसाठी लोक कपॅसिटर वाढवत जातात, ती बऱ्याचदा कपॅसिटरची नसतेच. खर्ज, ५० हर्ट्झची घुंऽऽ असेल तर ती ट्रान्सफॉर्मरशेजारून गेलेल्या इनपुटच्या वायरीतून येते. दुसरी, जरा वरच्या पट्टीतली १०० हर्ट्झची घरघर सप्लायची, पण तीही अनेकदा ग्राउंड चुकीच्या जागी जोडल्याने येते. आधी वायर हलवून बघा, त्याला पैसे लागत नाहीत.

खरेदीला आम्ही वापीहून सकाळची गाडी धरून मुंबई सेंट्रलला उतरलो. तिथून लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पायी जाण्याइतका जवळ. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली अल्कॉन असे मोठे कपॅसिटर बनवते, केरळची केल्ट्रॉनही बनवते, परदेशीही मिळतात. नकली मालापासून मात्र सावध राहावं. लहान कपॅसिटरवर मोठ्या आकड्यांचं नवं प्लास्टिक चढवून विकतात. १०,००० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा डबा साधारण ३० ते ३५ मिलिमीटर जाड आणि ४०-५० मिलिमीटर उंच असतो. त्याच आकड्यांचा, अंगठ्याएवढा, हलका आणि फार स्वस्त दिसला तर ठेवून द्या. मीटर सोबत न्या. चांगला दुकानदार मोजू देतो.

डब्यावर ८५ किंवा १०५ डिग्री असंही लिहिलेलं असतं. १०५ चाच घ्या. आतलं रसायन उष्णतेने हळूहळू सुकतं, आणि तापमान १० डिग्रीने उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. आपल्याकडचा मे महिना आणि बंद डब्यातला हीटसिंक आठवा. कपॅसिटर हीटसिंकपासून लांब बसवा.

बसवताना पट्टी असलेली बाजू मायनस. उलटा लागला तर व्होल्ट कितीही असोत, तो फुटणारच. पहिल्यांदा चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या आधी, विजेच्या बाजूला, साधा १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. पेटताच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बटण बंद करा. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेलाच असतो, म्हणून प्रत्येकावर २.२ किलोओहम, १ वॅटचा रेझिस्टर जोडून ठेवा. दोनेक मिनिटांत रिकामा होतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायची मर्दुमकी नको. आणि २३० व्होल्टच्या बाजूला हात लावताना घरातलं मोठं, जाणतं माणूस शेजारी हवं.

गणपतीच्या आदल्या रात्री नवे कपॅसिटर बसले. मल्टिमीटर धरून पुतण्या बसला आणि मी गाणं लावलं. कोणतं, हा प्रश्नच नव्हता. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, त्या लढ्यात उतरलेले सुधीर फडके पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण घेऊन आले होते. पुतण्याला हे ठाऊक नव्हतं. त्याने आवाज थोडा वाढवला, मीटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तेवीसच्या खाली जात नाहीये."