खालची कड बघितलीत?
जुलै 2023 मधला 'एलके-99'चा व्हिडिओ आठवतोय? दक्षिण कोरियातल्या संशोधकांचा काळा तुकडा चुंबकावर तरंगतोय आणि दावा काय, तर साध्या खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर! तो परत लावा आणि फक्त खालची कड बघा. चुंबकाला टेकलीय ना? लोहचुंबकीय तुकडाही असा एका बाजूने उचलला जातो. बरं, पूर्ण तरंगला तरी हुरळू नका. ग्राफाइटचा खास प्रकारचा पातळ तुकडाही ताकदवान चुंबकांवर तरंगतो, आणि तो काही सुपरकंडक्टर नाही. विचारायचं एकच, विद्युतरोध शून्य मोजलाय का? इथे 104 अंश सेल्सिअसजवळ तो एकदम घसरलेला दिसला खरा, पण ती भेसळीतल्या कॉपर सल्फाइडची करामत. जर्मनीत श्टुटगार्टला भेसळ काढून स्फटिक बनवला, तर तो निघाला पारदर्शक, जांभळट आणि चक्क विद्युतरोधक!