कपाटांच्या भिंती

लॉफ्ट म्हटलें कीं मुंबईकराला न्हाणीवरचा पोटमाळा आठवतो. न्यूयॉर्कमधील लॉफ्ट मात्र निराळा. तो जुन्या वखारीचा किंवा कारखान्याचा आख्खा मजला असतो. तेथील सोहो भागांत १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत ओतीव लोखंडाच्या दर्शनी बाजूच्या इमारती उठल्या. त्यांतील पुष्कळांत कापडाच्या वखारी होत्या. लोखंडी खांबांनीं भार उचलल्यामुळें खिडक्या प्रशस्त आणि छत उंच. व्यापार तेथून हलल्यावर १९६० नंतर कलावंत या रिकाम्या मजल्यांत राहूं लागले. कायद्यास तें मान्य नव्हतें. १९७१ सालीं शहरानें प्रमाणपत्र मिळविलेल्या कलावंतांस तशी मुभा दिली. कापडाचे नमुने आंखणारा कलावंत अशा मजल्यावर राहूं लागतो, तेव्हां ती वास्तु जणूं आपल्या मूळ धंद्याकडेच परतते.

परंतु या घरांत आंतल्या भिंती नसतात, आणि कलावंताजवळ तर देशोदेशींच्या वस्त्रांचा व ठशांचा मोठा संग्रह असतो. तो ठेवावा कोठें? युक्ति अशी कीं, कपाटाचीच भिंत करावयाची. रुंद बुडाचें, चाकांवरचें कपाट मध्यें उभें केलें कीं अलीकडे कामाची जागा, पलीकडे निजण्याची. पाहुणे आले कीं तें बाजूस सारावें. उंच छताखालीं माळा घालून वर बिछाना आणि खालीं उथळ खण करावेत.

खरी अडचण पुढेंच आहे. ज्या खिडक्यांसाठीं हें घर हवेंसें वाटतें, त्यांचाच उजेड कापडाचा वैरी. विटलेला रंग पुन्हा येत नाहीं. म्हणून वस्त्रें अंधारांत हवींत. पण कायमचीं झांकलेलीं वस्त्रें पाहणार कोण, आणि नवा नमुना सुचणार कसा? शिवाय एकाच घडीवर धागा तुटतो, जर तर आधीं. आणि न हलविलेल्या रेशमास व लोकरीस कसर लागते. म्हणून मोठीं वस्त्रें नळीवर गुंडाळतात, खणाच्या तोंडाशीं नमुन्याचें चित्र व अनुक्रमांक लावतात, आणि एखादेंच वस्त्र भिंतीवर टांगून कांहीं आठवड्यांनीं बदलतात.

आपल्याकडे पैठणी मलमलीच्या फडक्यांत बांधून तिची घडी वरचेवर मोडून निराळी घालतात, तें याच कारणासाठीं. तेव्हां दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतही ट्रंकेच्या तळाशीं वर्षानुवर्षें पडलेलें वस्त्र सुरक्षित आहे असें समजूं नये. वर्षांतून दोनदां तरी तें सावलींत उलगडावें, निरखावें, आणि घरांतील मुलांस दाखवावें.