शोधात सापडणारे नाव

वाराणसीत मणिकर्णिकेलगतचा शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविला. मराठी माणूस त्यास शिंदे घाट म्हणतो, तेथील लोक सिंधिया घाट म्हणतात. कित्येक प्रवासी तर कललेल्या रत्नेश्वर मंदिराच्या खुणेवरूनच तो शोधतात. घाट प्रसिद्ध असल्याने कोणत्याही नावाने सापडतो. तालुक्यातील ट्रायकोकार्ड निर्मिती केंद्रास ही सवलत नसते.

असे केंद्र जवळच सापडणे निकडीचे असते. कार्डावरील अंड्यांतून ट्रायकोग्रामा थोड्याच दिवसांत बाहेर पडतो. कार्ड दूरवरून येताना हे वाटेतच घडले, तर शेतकऱ्याच्या हाती कोरा कागद उरतो आणि तोवर शेतात बोंडअळीची अंडी उबलेली असतात.

स्थानिक शोधाचे निकाल गूगल मुख्यतः समर्पकता, अंतर आणि ख्याती यांवरून ठरविते. अंतर आपल्या हाती नाही. समर्पकतेसाठी विनाशुल्क ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ची पडताळणी करून योग्य प्रवर्ग, कामाच्या वेळा व चालू दूरध्वनी क्रमांक नोंदवावा. नाव फलकावरीलच द्यावे. त्यास ‘सर्वोत्तम’ वगैरे शेपूट जोडणे नियमबाह्य आहे. ‘अंडी परोपजीवी कीटक’ हा आम्हा कीटकशास्त्रज्ञांचा लाडका शब्दप्रयोग. शेतकरी मात्र ‘ट्रायकोकार्ड’ असेच विचारतो. उत्पादनांच्या नोंदीत तोच शब्द हवा.

ख्याती अभिप्रायांतून वाढते. ते मोबदला देऊन घेऊ नयेत. तक्रारीसही उत्तर द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील शिवारफेरीत शेतकऱ्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच शब्दांत शोध घेऊन पाहावा. केंद्रात बसून घेतलेला शोध फसवा असतो. तेथे अंतर शून्यच असते.