कोळ्याचा धागा आणि बारा बोअर

बारा बोअरची बंदूक खांद्याला लावली की डोळ्याला एका वेळी तीन गोष्टी पाहायच्या असतात. गालाजवळून निघालेली नळी, तिच्या टोकावरची पितळेची बारीकशी माशी आणि त्यापलीकडे पन्नास-साठ पावलांवर उसातून बाहेर आलेलं रानडुक्कर. तिन्ही एका रेषेत आणली की नेम लागला, असं कुणीही सांगेल. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं नीट पाहतो. माशी ठळक दिसली की डुक्कर धूसर होतं. डुकरावर नजर ठरवली की माशी विरघळते. यात सरावाचा काही दोष नाही. डोळ्यातलं भिंग फुगून जवळचं दाखवतं आणि चपटं होऊन लांबचं. एकाच क्षणी दोन्ही त्याला जमत नाही. चाळिशी लागल्यावर तर ते फुगायलाच नकार देतं, आणि हातभर लांबीवरची माशी पुसट होते ती कायमची.

या अडचणीतून माणसाने दोन वाटा काढल्या. एक इतकी साधी आहे की विश्वास बसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं. त्या खेळात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, आणि रायफलीवर दुर्बीण लावायला बंदी. तरी नेमबाजाला पुढची कडी आणि लक्ष्य दोन्ही एकदम स्वच्छ दिसतं, कारण तो एका बारीक छिद्रातून पाहतो. छिद्र लहान असलं की प्रत्येक बिंदूकडून येणाऱ्या किरणांची फक्त एक बारीक सळई आत येते आणि धूसरपणाला पसरायला जागाच उरत नाही. तुम्हाला चाळिशी असेल तर चष्मा काढा, तर्जनी आवळून तिच्या घडीत टाचणीएवढं भोक करा आणि त्यातून औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. उजेड भरपूर असेल तर वाचता येतात. भिंग नाही, काच नाही, खर्च शून्य.

हेच छिद्र तिन्हीसांजेला मात्र कुचकामी ठरतं, कारण ते उजेडच अडवतं. आणि डुकरं यायची वेळ तीच.

दुसरी वाट भिंगाची. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगातून आलेले किरण नळीच्या आत एका जागी जमतात आणि तिथे समोरच्या दृश्याचं खरंखुरं, छोटं, उलटं चित्र तयार होतं. पडदा नाही, काच नाही, हवेतच लटकलेलं. डोळ्याकडचं भिंग म्हणजे ते चित्र मोठं करून दाखवणारी काच, एवढंच. आता कुणी त्या हवेतल्या चित्राच्या नेमक्या जागी एखादा धागा ताणला, तर काय होईल? धागा आणि दूरचं लक्ष्य डोळ्याच्या लेखी एकाच अंतरावर येतील आणि दोन्ही एकदम स्वच्छ दिसतील. बंदुकीवरच्या दुर्बिणीतली फुली डुकराच्या अंगावर चिकटवल्यासारखी दिसते, त्यामागचं सगळं गुपित हे.

ही युक्ती पहिल्यांदा कोळ्याने दाखवली. गॅलिलिओच्या १६०९च्या दुर्बिणीत असं मधलं चित्र तयारच होत नसे. तिची रचना वेगळी होती. केप्लरने १६११मध्ये दोन्हीकडे फुगीर भिंगं असलेली दुर्बीण मांडली, तिच्यात ते होतं, पण त्याचा हा उपयोग कुणाला सुचला नव्हता. १६४०च्या आसपास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा विल्यम गॅस्कॉइन नावाचा तरुण खगोलप्रेमी भिंगांशी खटपट करत होता. त्याच्या उघड्या पडलेल्या नळीत एका कोळ्याने धागा ओढला, तो नेमका त्या चित्राच्या जागी. गॅस्कॉइनने डोळा लावला तर दूरच्या दृश्यावर एक काळी, धारदार रेघ. त्यावरून त्याने दुर्बिणीतून नेम धरायचं आणि चंद्र-ग्रहांचे व्यास मोजायचं साधन बनवलं. चारच वर्षांत, १६४४ साली, मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला, आणि त्याचं काम बरीच वर्षं झाकलेलं राहिलं.

कोळी मात्र नोकरीत कायम झाला. पुढे कित्येक वर्षं दुर्बिणींच्या फुल्यांसाठी त्याच्या जाळ्याचे धागे वापरले गेले, कारण इतका बारीक, सरळ आणि चिवट धागा माणसाला दुसरीकडे मिळत नव्हता. भारताची त्रिकोणमितीय मोजणी थिओडोलाइट नावाच्या ज्या कोनमापक यंत्रांनी झाली, त्यांच्याही दुर्बिणींत असेच धागे ताणलेले असत. त्या मोजणीचा जनक विल्यम लॅम्बटन वर्ध्याजवळ हिंगणघाटला १८२३ साली वारला. त्याची कबर तिथेच आहे. आज ही फुली काचेवर कोरतात किंवा धातूच्या केसासारख्या तारेची करतात. जागा तीच.

आता निवडीकडे. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पट मोठं दिसतं? माझ्या मते हा सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे, आणि बारा बोअरसाठी तर नक्कीच.

बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी. सुमारे साडेअठरा मिलिमीटरची. एरवी तिच्यातून छर्रे उडतात. स्लग म्हणजे छऱ्यांऐवजी काडतुसात घातलेला शिशाचा एकच गट्टू, साधारण २८ ग्रॅमचा. नळी आतून गुळगुळीत असल्याने तो फिरकी घेत नाही. मग तो हवेत कोलांट्या का खात नाही? जर्मनीच्या ब्रेनेकेने १८९८मध्ये आणि अमेरिकेच्या फॉस्टरने १९३१मध्ये यावर उत्तरं काढली. दोन्हींचं मर्म एकच: वजन पुढे, मागचा भाग हलका, म्हणजे गट्टू बॅडमिंटनच्या फुलासारखा नाक पुढे ठेवूनच जातो. अमेरिकेत दाट वस्तीच्या काही राज्यांत हरणाच्या शिकारीला रायफलऐवजी स्लगच वापरायचा असा नियम आला, कारण रायफलची गोळी मैलोगणती जाते आणि हा जाड गट्टू हवेत लवकर दमतो. गुळगुळीत नळीतून त्याचा भरवशाचा पल्ला शंभर मीटरच्या आतला. एवढ्या अंतराला नऊ पट, बारा पट मोठं करणारी दुर्बीण म्हणजे नुसती हौस. उलट ती नजरेचा घेर इतका आवळते की धावतं जनावर तिच्यात सापडतच नाही. दोन ते चार पट पुष्कळ.

दुसरी गोष्ट धक्क्याची. २८ ग्रॅमचा गट्टू सेकंदाला सुमारे ४९० मीटर वेगाने निघतो. तेवढाच संवेग उलट्या दिशेने साडेतीन किलोच्या बंदुकीला मिळतो; वर दारूच्या वायूचा रेटा. गणित केलं तर बंदूक ताशी पंधरा किलोमीटरहून जास्त वेगाने मागे येते, आणि तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीची धातूची कड तुमच्या भुवईकडे. म्हणून बंदुकीवरच्या दुर्बिणीत डोळा काचेपासून नऊ-दहा सेंटिमीटर मागे ठेवूनच पूर्ण चित्र दिसेल अशी सोय केलेली असते. हातातल्या साध्या दुर्बिणीत हे अंतर दीड-दोन सेंटिमीटर असतं. पक्षी पाहायची दुर्बीण नळीवर बांधून चाप ओढला तर भुवईवर अर्धचंद्र उमटतो, आणि टाक्यांचा खर्च वेगळा. या एका आकड्यात काटकसर नको.

तिसरी गोष्ट उजेडाची, आणि ती समजून घ्यायला बंदूक लागतच नाही. होटगीला या. सोलापूरहून गदगकडे जाणारी रेल्वे जिथे वाडीच्या मार्गापासून फुटते ते हे जंक्शन, आणि इथल्या तलावावर पाणी बेताचं असतं त्या दिवसांत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. कोणतीही दुर्बीण घ्या, आकाशाकडे तोंड करून हातभर लांब धरा (सूर्याकडे चुकूनही नको) आणि डोळ्याकडच्या काचेकडे पाहा. काळ्या काचेत एक लख्ख, वाटोळी टिकली तरंगताना दिसेल. ती काचेवर नसते. काचेच्या किंचित बाहेर, हवेत असते. डोकं हलवलं की ती काचेपुढे सरकते. दुर्बिणीत शिरलेला सगळा उजेड या एका टिकलीतून बाहेर पडतो, आणि तुमच्या डोळ्याच्या बाहुलीला ती गाठायची असते. तिचा आकार काढायचं गणित शाळकरी आहे: पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ८×४२ लिहिलेल्या दुर्बिणीत सव्वापाच मिलिमीटर. साठ पटीवर नेलेल्या ८० मिलिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीत जेमतेम १.३ मिलिमीटर.

भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते. अंधार पडू लागला की पाच-सहा, तरुणांची सातपर्यंत. टिकली बाहुलीहून लहान असेल तर चित्र अंधारलेलं दिसणारच. मोठी असेल तर चित्र जास्त उजळ होत नाही, पण डोळा थोडा इकडेतिकडे हलला तरी दृश्य निसटत नाही. ३२ मिलिमीटरचं भिंग चार पटीवर आठ मिलिमीटरची टिकली देतं. घाईत बंदूक खांद्याला लावणाऱ्याला हीच सवलत हवी असते. आणि सर्वांत नवलाची गोष्ट पुढे आहे: कितीही महाग असली तरी कोणतीही दुर्बीण पाण्याचा पृष्ठभाग किंवा ज्वारीचा पट्टा नुसत्या डोळ्याला दिसतो त्याहून उजळ करू शकत नाही. भौतिकशास्त्राची ती लक्ष्मणरेषा आहे. संध्याकाळी दुर्बिणीतून बरं दिसतं ते मोठं दिसतं म्हणून. जाहिरातीत 'अंधारात उजेड' लिहिलं असेल तर हसून पुढे जावं.

होटगीच्या बांधावर दुपारी बाराला साठ पट लावून पाहिलं तर रोहितांच्या जागी गुलाबी उकळी दिसते. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या हवेच्या झळाही साठ पट मोठ्या होतात, त्याला काच काय करणार? वीस पटीवर या, तोच थवा स्थिर होतो आणि वाकड्या चोचीचं काळं टोक वेगळं दिसू लागतं.

फुलीच्या भटकण्याचा एक बाऊ केला जातो, तोही पाहून घेऊ. हवेतलं चित्र आणि फुली एकाच जागी येतात ते एका ठरावीक अंतरासाठीच. लक्ष्य त्याहून जवळ असेल तर डोकं हलवताच फुली लक्ष्यावर सरकते. रायफलच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांना जुळवलेल्या असतात, स्लगच्या पन्नास-पंचाहत्तरला. शंभरला जुळवलेली ४० मिलिमीटरची दुर्बीण पन्नासवर वापरली आणि डोळा अगदी कडेला नेला, तरी चूक होते फक्त एक सेंटिमीटरची. डुकरापुढे हा हिशेब गौण आहे. अंगाला वारा, हाताला घाम, एवढ्याने याहून जास्त चुकतं.

हे सगळं समजून घेतल्यावर होटगीच्या शेतकऱ्याने काय घ्यावं? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हौसेची गोष्ट उरलेली नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि काळविटाला तर हात लावायचा नाही. ज्याच्याकडे परवाना आणि परवानगी दोन्ही आहे, त्यालाही चाळीस-पन्नास पावलांवर माशी पुरते. नळीवरच्या दुर्बिणीपेक्षा त्याने गळ्यातली ८×४२ घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे पाहाल, त्याच्याकडे नळीही रोखलेली असते. उसात काय हललं हे तिच्यातून तपासणं म्हणजे आधी नेम धरून मग ओळख पटवणं. २०२५च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि तो गेला. तेव्हा परवानगीचा कागद खिशात असला तरी आधी गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावा, जनावर पुरतं ओळखा, त्याच्या मागे कोण उभं आहे तेही पाहा, आणि तोवर बंदुकीची नळी जमिनीकडेच ठेवा.